कलमांच्या बागेत डिस्क गोल्फ: पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

द्राक्षमळ्यातल्या डिस्क गोल्फचे व्हिडिओ बघून पाहुणे येतात आणि पहिलं विचारतात, "इथे तसं का नाही?" कारण इथे कोकणात द्राक्ष टिकणार नाही. जून ते सप्टेंबरचा पाऊस आणि उरलेल्या महिन्यांतली दमट हवा यांत केवडा आणि भुरी वेलीला जगू देणार नाहीत. नाशिक-सांगलीचं ते वैभव तिकडेच बरं. आमच्याकडे हापूसची कलमं आहेत, काजू आहे, मध्ये जांभ्या दगडाचे गडगे, म्हणजे रचलेली कुंपणं आहेत, आणि आत्याच्या देवगडच्या बागेत आम्ही लावलेल्या नऊ टोपल्या आहेत. पुढचं सगळं त्या नऊ टोपल्यांभोवती शिकलेलं आहे. त्यातलं बरंचसं चुकून शिकलेलं.

खेळ काय, ते आधी थोडक्यात. गोल्फमध्ये चेंडू भोकात घालतात, इथे तबकडी साखळ्यांच्या टोपलीत टाकायची. टी म्हणजे सुरुवातीच्या जागेवरून फेकायचं, डिस्क जिथे पडेल तिथून पुढची फेक, असं टोपलीपर्यंत. एक टी ते तिची टोपली म्हणजे एक होल. सगळ्यांत कमी फेकींत जो फेरी पूर्ण करतो तो जिंकला. साखळ्यांची ही टोपली एड हेडरिक या अमेरिकन माणसाची देणगी. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियात ओक ग्रोव्ह इथे पहिलं कायमस्वरूपी मैदान उभं राहिलं, १९७६ मध्ये हेडरिकनी पीडीजीए (प्रोफेशनल डिस्क गोल्फ असोसिएशन) ही संघटना काढली, आणि आजही नियम तिचेच चालतात. २००२ मध्ये ते गेले, तेव्हा त्यांच्याच इच्छेप्रमाणे त्यांची राख काही डिस्कच्या प्लास्टिकमध्ये मिसळली गेली. वेड असावं तर असं.

आधी महिना बघा, मग मालकाला विचारा

बागेत कधी खेळायचं हे आपण ठरवत नाही, कलम ठरवतं. थंडी पडली की मोहोर येतो. मोहोरात डिस्क घुसली की फुलं झडतात, आणि झडलेली फुलं म्हणजे मालकाचे पैसे. पुढे कणी, मग कैरी, मग मार्च ते मे काढणी. काजूचंही साधारण त्याच सुमारास. तेव्हा खेळायचा खरा काळ म्हणजे पाऊस संपून बागेची बेणणी, म्हणजे गवत-झुडपांची साफसफाई, झाली की तिथून मोहोर फुटेपर्यंत. ऑक्टोबरचा शेवट आणि नोव्हेंबर धरून चाला. मेच्या शेवटी, आंबा उतरल्यावर, पावसाआधी आणखी काही दिवस मिळतात. पावसात नको. जांभ्यावर शेवाळ धरतं, आणि एका हातात डिस्क असताना माणूस तोल सावरत नाही, सरळ आडवा होतो.

परवानगी मालकाची तर घ्याच, पण राखणदाराला स्वतः जाऊन भेटा. मालक अनेकदा मुंबईत असतो, बाग राखणदाराच्या अंगावर असते. आमच्या राखणदार काकांनी पहिल्या दिवशी एकच वाक्य सांगितलं होतं, "खेळा रे, पण कलमाक हात लावल्यात तर बघा!" त्यांना फवारणी कधी झाली तेही विचारा. औषध मारलेलं असेल तर त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही आत पाऊल टाकू नका. पानांवरचं औषध डिस्कला लागतं, डिस्कवरून हाताला, आणि हात मग भज्यांकडे जातो.

काय घालायचं, काय न्यायचं

पायात बूट, तेही घोट्याच्या वर येणारे, आणि पूर्ण लांबीची पँट. चप्पल घालून आलेल्याला मी परत पाठवतो, मग तो सख्खा मामेभाऊ का असेना. करवंदीच्या जाळ्या, लाजाळूचे काटे आणि फुरसं हा विषारी साप या तिघांसाठी हा नियम आहे. कपडे जुने घाला. काजूच्या बोंडाच्या रसाचा डाग धुऊन जात नाही, आणि ओल्या काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजतं, म्हणून जमिनीवरचा काजू सोलून बघायचा मोह टाळा.

सोबत पाणी, टोपी, जुना टॉवेल, आणि हातभर लांब काठी. काठी सगळ्यांत महत्त्वाची. ती कशाला, ते पुढे येईल.

डिस्क कोणती घ्यायची

डिस्क गोल्फची तबकडी म्हणजे बीचवर फेकतात ती फ्रिस्बी नव्हे. ही लहान, जड आणि कडेला निमुळती असते. व्यास साधारण २१ सेंटीमीटर, वजन बहुधा १५० ते १८० ग्रॅम. प्रकार तीन. पटर बोथट कडेची, संथ आणि सरळ जाणारी. मिडरेंज थोडी वेगवान. ड्रायव्हर धारदार कडेची आणि लांब पल्ल्याची.

नवखे लोक ड्रायव्हर घेऊन येतात. नावातच वेग आहे ना! पण ड्रायव्हर फेकायला हातात मुळात वेग लागतो. तो नसेल तर ती डिस्क थोडी पुढे जाऊन डावीकडे आपटते. वर बागेचं आणखी एक कारण आहे. धारदार कड जोरात खोडावर बसली की सालीला जखम होते, आणि अशा जखमांत, भेगांत भिरूड अंडी घालतो. आंब्याचं खोड आतून पोखरणारा हा किडा बागायतदाराची झोप उडवतो. आमच्या बागेत म्हणून ड्रायव्हरला बंदी आहे आणि टीजवळच्या खोडांना काथ्या गुंडाळलेला आहे.

एक पटर आणि एक मिडरेंज, एवढंच घ्या. डिस्कवर चार आकडे छापलेले असतात: वेग, तरंग, सुरुवातीचं वळण आणि शेवटचं वळण. उदाहरणार्थ इनोव्हा कंपनीच्या अ‍ॅव्हिआर या जुन्या पटरचे आकडे २, ३, ०, १. म्हणजे वेग कमी, तरंगणं मध्यम, मध्ये वळत नाही, शेवटी किंचित कलते. नवख्याने पहिला आकडा पाचपेक्षा जास्त असलेली डिस्क बागेत आणूच नये.

रंगाचा विचार प्लास्टिकइतकाच करा. हिरवी डिस्क गवतात गेली की गेली. तपकिरी आणि नारिंगी पातेऱ्यात, म्हणजे वाळक्या पानांत दिसत नाही, पिवळी काजूच्या बोंडांत लपते. गुलाबी किंवा आकाशी घ्या, त्या रंगाचं बागेत काहीच नसतं.

फेक शिकताना

बॅकहँड आधी. अंगठा डिस्कच्या वर, बाकीची बोटं खाली कडेला घट्ट. उजव्या हाताने फेकणाऱ्याने उजवा खांदा टोपलीकडे करून आडवं उभं राहायचं. डिस्क छातीच्या उंचीवरून सरळ रेषेत ओढत आणायची, कोपर पुढे, आणि शेवटी मनगट सुटतं. ताकद खांद्यात नसते, त्या सुटण्यात असते. पहिल्या दिवशी सगळे डिस्क गोल फिरवून फेकतात, घागर घुमवावी तशी, आणि ती भलतीकडे जाते. सरळ ओढा. भिंतीला डिस्क घासत न्यावी तसं.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे डिस्कचं नाक वर. पुढची कड उचललेली असली की डिस्क वर चढते, थांबते, आणि डावीकडे ढासळते. मोकळ्या मैदानात त्याने फक्त अंतर कमी होतं. कलमांत ती थेट पालवीत जाऊन बसते. हात खाली ठेवा, अंगठा थोडा दाबा, आणि डिस्क माणसाच्या छातीपेक्षा वर जाणार नाही असं ठरवून फेका. हापूसच्या जुन्या कलमाच्या फांद्या छत्रीसारख्या खाली येतात, काजू तर जमिनीवर लोळतो. तुम्हाला मिळणारी खिडकी फांदीच्या खाली आणि गवताच्या वर, एवढीच.

उजव्या हाताची बॅकहँड फेक शेवटी डावीकडे कलते. फोरहँड उजवीकडे. दोन्ही येणं बागेत फार उपयोगी, कारण झाड समोर आलं की एकीकडून वळसा घालता येतो. फोरहँड शिकवायला मला कधीच वेळ लागला नाही. लहानपणी खाडीत किंवा नदीत चपट्या दगडाच्या भाकऱ्या काढलेल्या असतात ना, तोच हात. कोपर कमरेजवळ, तळवा आभाळाकडे, मनगटाचा झटका. घाटावरून आलेल्यांनाही बहुतेक तळ्याकाठी हा सराव झालेला असतो.

झाडं मोजायला शिका

हा भाग मला सगळ्यांत आवडतो, म्हणून थोडा लांबवतो.

द्राक्षमळ्यात तारांनी बांधलेल्या ओळी असतात, दोन ओळींमध्ये नऊ-दहा फुटांची गल्ली. फेक त्या गल्लीतूनच न्यायची. शेजारच्या ओळीत गेली तर तारांखालून वाकून जा. आंब्याची पारंपरिक लागवड मात्र १० बाय १० मीटरवर, चौकोनात. म्हणजे हेक्टरी १०० कलमं. अशा बागेत चारी दिशांना गल्ल्या, शिवाय तिरक्या गल्ल्याही. सरळ गल्लीत खोडांमधलं अंतर १० मीटर, तिरक्या गल्लीत सात. वर फांद्या पसरलेल्या असल्यामुळे तिरकी वाट बघताना रुंद वाटते, फेकल्यावर अरुंद निघते. नवख्याने सरळ गल्ली धरावी.

आता गंमत. पीडीजीएच्या नियमांत टोपलीपासून १० मीटरचं वर्तुळ फार महत्त्वाचं असतं, कारण त्याच्या आत पटिंगचे, म्हणजे टोपलीजवळच्या फेकीचे, वेगळे नियम लागतात. आम्ही टोपल्या नांग्यांत लावल्या आहेत, म्हणजे जिथे एखादं कलम मेलं आणि जागा रिकामी राहिली तिथे. मग शेजारची चार कलमं बरोबर १० मीटरवर! टेप लागत नाही. काजू बहुधा सात मीटरवर लावतात, तिथे शेजारचं झाड वर्तुळाच्या आत येतं, पण कोपऱ्यातलं तिरकं झाड ९.९ मीटरवर पडतं. खेळ बागेसाठीच निघाला असावा असं वाटावं इतकं चपखल. घन लागवडीत, पाच बाय पाचवर, दुसरं झाड धरायचं. उतारावर समपातळीत लावलेल्या बागेत हा हिशेब चालत नाही, तिथे पावलं मोजा.

टोपलीपर्यंतचं अंतरही असंच काढा. टीवरून सहा कलमं मोजलीत तर साठ मीटर. नवख्याची चांगली फेक चाळीस-पन्नास मीटर जाते. मग सहा कलमांच्या होलवर तीन फेकी म्हणजे उत्तम: एक गल्लीतून, एक टोपलीजवळ, एक आत. आमच्या बागेत सगळे होल तीनच्या पारचे, म्हणजे तीन फेकींत पुरे व्हावेत असे आहेत.

झाडांमधून खेळताना टोपलीकडे बघू नका, पुढच्या मोकळ्या जागेकडे बघा. पहिल्या फेकीचं काम एवढंच की दुसरी फेक मोकळ्यातून मिळावी. मी पहिलं वर्षभर प्रत्येक वेळी टोपलीकडेच फेकत राहिलो आणि प्रत्येक होलला कलमाच्या बुंध्याशी बसून फेकलं.

नियम, जसे लागतात तसे

टीवर मागच्या होलला ज्याने कमी फेकी घेतल्या तो आधी. त्यानंतर टोपलीपासून जो सगळ्यांत लांब तो आधी. बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहायचं. बागेत पुढे गेलेला माणूस दिसत नाही, म्हणून टीवरून फेकण्याआधी मोठ्याने ओरडा. आत कुणी गवत कापत असेल, गाय चरत असेल.

डिस्क पडली की तिच्या पुढच्या कडेशी छोटा मार्कर ठेवतात, डिस्क उचलतात आणि मार्करच्या लगेच मागून फेकतात. आम्ही करवंटी ठेवतो. स्पर्धेत चालायची नाही, घरात चालते. दहा मीटरच्या बाहेर फेकल्यावर पाय पुढे गेला तरी हरकत नाही. आत मात्र फेकून झाल्यावर तोल सांभाळून क्षणभर थांबायचं आणि मगच मार्करच्या पुढे यायचं. उतारावर हे वाटतं त्यापेक्षा अवघड आहे.

गडग्यापलीकडे गेली की बाहेर. एक फेक दंड, आणि डिस्क जिथून बाहेर गेली तिथून एक मीटरपर्यंत आत घेऊन पुढे खेळायचं. गडग्यावर चढू नका. ते दगड नुसते एकावर एक रचलेले असतात, त्यात चुना-सिमेंट नसतं. एक निखळला की पाच खाली येतात. बेड्यातून, म्हणजे बागेच्या फाटकातून जा.

फांदी वाटेत आली म्हणून वाकवून धरणं, मोडणं नियमातही बसत नाही. पायाशी किंवा मागे पडलेला सुटा पालापाचोळा, तुटकी काटकी बाजूला करता येते. तुमच्या आणि टोपलीच्या मध्ये पडलेली फांदी मात्र तिथेच राहते. आणि जिथे डिस्क पडली तिथे हुमल्यांचं घर निघालं, तर नियमच तुम्हाला दंडाशिवाय जागा बदलू देतात. अपायकारक किडे आणि प्राणी यांचा नियमांत स्पष्ट उल्लेख आहे. पानं शिवून घर करणाऱ्या त्या तांबड्या मुंग्या एकदा कॉलरमध्ये शिरल्या की नियमावली काढायला वेळ नसतो, एवढंच.

डिस्क अडकली, डिस्क हरवली

झाडात अडकलेल्या डिस्कचं स्थान म्हणजे तिच्या बरोबर खालची जमीन. तिथे मार्कर ठेवा आणि खेळा. दोन मीटरपेक्षा वर अडकली तर दंड घ्यायचा का, हे आधीच ठरवावं लागतं. आम्ही घेतो, त्याने लोक खाली फेकायला शिकतात.

डिस्क काढायला दगड मारायचा नाही, झाड हलवायचं नाही, चढायचं नाही. काजूची फांदी जाड दिसते आणि कटकन मोडते. इथे आंबे काढायचा झेला कामाला येतो. लांब काठी, टोकाला जाळी, पुढे पातं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने आंबा देठासकट उतरावा म्हणून नूतन झेला काढला, त्याचा आम्ही असा उपयोग करतो हे तिथल्या लोकांना कळलं तर ते हसतील. पात्याला टेप गुंडाळून घ्या आणि डिस्क खालून ढकला. झेला राखणदाराकडून मागून घ्यायचा आणि पुन्हा जागच्या जागी ठेवायचा.

हरवलेल्या डिस्कला नियमाने तीन मिनिटं. त्यानंतर ती हरवली असं धरून दंडासह पुढे जायचं. कोकणात हे तीन मिनिटांचं बंधन मला फार शहाणं वाटतं, कारण जास्त शोधत बसलात की हात नको तिथे जातो. पातेऱ्यात, दगडांच्या फटीत, गडग्याच्या भोकात हात घालायचा नाही. आधी काठीने चाळवायचं. फुरसं वीतभर-दोन वितींचं, मातीच्या रंगाचं, आणि पातेऱ्यात अजिबात दिसत नाही. चिडलं की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज करतं. तो आवाज आला की मागे सरका. काळोख पडायच्या आत खेळ संपवा, कारण ते तेव्हा बाहेर पडतं. दंश झालाच तर कापणं, चोखणं, आवळून बांधणं यातलं काही करू नका. हालचाल कमी ठेवा, १०८ ला फोन करा, आणि प्रतिसर्पविष असलेल्या सरकारी दवाखान्यात पोचवा.

वारा

शाळेत भूगोलात पाठ केलेले मतलई आणि खारे वारे इथे खेळताना कळतात. सकाळी वारा जमिनीकडून समुद्राकडे जातो आणि मंद असतो. दुपारकडे उलटतो आणि जोर धरतो. समोरून येणारा वारा डिस्कला उचलतो आणि नेहमीच्या उलट बाजूला वळवतो, मागचा वारा तिला खाली दाबतो आणि लवकर कलवतो. समोरून वारा असला की हळू आणि खाली फेका. जोर लावलात तर ती आणखी वर जाईल. कलमांच्या आत वारा फारसा शिरत नाही, पण बागेच्या पश्चिमेच्या कडेला, जिथे झाडी संपून खाडी दिसते, तिथे आमचा सातवा होल आहे. सकाळी तो सगळ्यांत सोपा, चार वाजता सगळ्यांत वाईट.

सड्यावर जायचं असेल तर

मोहोराच्या महिन्यांत बाग बंद असते, मग आम्ही सरावाला सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर जातो. मोकळं, लांब, ड्रायव्हरसुद्धा चालते. फक्त जांभा प्लास्टिकला किसणीसारखा खातो, जुन्याच डिस्क न्या. कडेवर पडलेली डिस्क चाकासारखी घरंगळते, दरीच्या दिशेने फेकू नका. आणि फेकण्याआधी पायाखाली नीट बघा. रत्नागिरी-राजापूरकडच्या उक्षी, कशेळी, बारसू, देवाचे गोठणे अशा सड्यांवर कातळशिल्पं आहेत, २०२२ पासून ती युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. आमच्याच जिल्ह्यात कुडोपीला आहेत. अशा सड्यावर खेळायचंच नाही, मग ती शिल्पं कितीही लांब वाटोत. पावसानंतर सडा फुलतो तेव्हाही नाही.

पहिली फेरी

सकाळी साडेसातला या. दव असतं, डिस्क टॉवेलने पुसत राहा, ओल्या हातातून ती निसटते. पहिला अर्धा तास फक्त टोपलीजवळ घालवा. तीन मीटरवरून दहा फेकी, मग पाच मीटरवरून दहा. साखळीच्या मधोमध एक कडी निवडा आणि तिच्यावरच नजर ठेवा. मग नऊ होल, पटरनेच, टीवरूनसुद्धा. मिडरेंज पिशवीत राहू द्या. नवख्याला नऊ होलला चाळीस-पंचेचाळीस फेकी लागतात, त्याची लाज नाही. माझ्या पहिल्या फेरीत त्रेपन्न लागल्या होत्या आणि एक डिस्क करवंदीच्या जाळीत अजून आहे.

साडेदहाला थांबा. ऊन चढतं, वारा उलटतो, आणि आत्या तोवर घावणे घालायला घेते. बाहेर पडताना बेडं लावायला विसरू नका, शेजाऱ्यांची गुरं वाटच बघत असतात.